रात्री गाड्या ठेवता कुठी?

ताईच्या घरापासून मालव्हर्नचा ट्राम डेपो पायी दहा मिनिटांवर आहे, हे तिने फोनवर सांगितलं नसतं तर नाना मेलबर्नला गेलेच नसते. तीन वर्षं ती बोलवत होती आणि नानांचं एकच, भुसावळ सोडून मले करमत नाही, तठी येऊन मी करू काय. मग एकदा बोलता बोलता ती म्हणाली की पहाटे शेडमधून ट्रामा निघतात ना, त्यांचा आवाज आमच्या बेडरूमपर्यंत येतो. नाना थोडा वेळ गप्प बसले, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, पासपोर्टचं काय असतं ते बघ.

नानांची अख्खी नोकरी भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधली, म्हणजे विजेची इंजिनं जिथं तपासतात-दुरुस्त करतात तिथली, खलाशी म्हणजे हेल्पर म्हणून लागले आणि फिटर म्हणून रिटायर झाले. आमच्या घरात गाडी म्हणजे कधी एक्स्प्रेस नव्हतीच, गाडी म्हणजे इंजिनाचा नंबर. नाइट करून आले की आईला सांगायचे, अमुक नंबर काल लिफ्टिंगला घेतला, तमुकची ट्रॅक्शन मोटर जळाली, आणि आई चहा टाकता टाकता हो हो म्हणायची, तिलाही अर्धे नंबर पाठ होते. डब्लूएएम-४, डब्लूएजी-५ ही इंजिनांच्या जातींची नावं मी शाळेत एबीसीडी नीट यायच्या आधी शिकलो. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

त्यामुळं कुठल्याही शहरात मेट्रो येणार, लाईट रेल येणार अशी बातमी आली की नानांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. मले सांग, रात्री ह्या गाड्या ठेवता कुठी? स्टेशन किती, तिकीट किती, एसी आहे का, हे ते विचारतच नाहीत. पुण्याच्या मेट्रोचा वनाझ डेपो कोथरूडच्या जुन्या कचरा डेपोच्या जागेवर होतोय हे वाचून त्यांना फार बरं वाटलं होतं, गावात जागा मिळवली म्हणाले, आता ही चालेल. आणि २०१९ ला आरेच्या कारशेडवरून मुंबईत एवढं रान पेटलं तेव्हा टीव्हीवर महिनाभर कारशेड कारशेड चालू होतं, पण त्या शेडमध्ये रात्री नक्की काय काम होतं हे एकाही चॅनेलवाल्याने दाखवलं नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. झाडांचा प्रश्न खराच होता, ते तो नाकारत नव्हतेच, पण शेड म्हणजे नुसती पार्किंगची जागा अशी लोकांची समजूत होऊन बसते ते त्यांना सहन होत नाही.

तर २०२४ च्या मार्चमध्ये आम्ही गेलो. नाना, मी, आणि बॅगेत कळण्याचं पीठ, उडदाचे पापड, सगळं रीतसर डिक्लेअर करून.

मेलबर्नचं ट्रामचं जाळं जगातलं सगळ्यात मोठं धरतात, जवळपास २५० किलोमीटर डबल ट्रॅक, २४ रूट, १,७०० च्या वर स्टॉप. गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, १४३५ मिलिमीटर, वरच्या तारेत ६०० व्होल्ट डीसी. बहुतेक ठिकाणी ट्राम मोटारींसोबत एकाच रस्त्यावरून चालते, त्यामुळं तिथं शहराच्या मध्ये उजवीकडं वळायचं तर काही चौकांत गाडी आधी डाव्या कडेला घेऊन थांबावं लागतं म्हणजे ट्रामची वाट अडत नाही, दाजींनी हे दाखवलं तेव्हा नाना खूश, म्हणाले इथं ट्रामले मान आहे. शहराच्या मधल्या भागात २०१५ पासून ट्राम फुकट आहे, बाकी ठिकाणी मायकी नावाचं कार्ड टेकवायचं.

पण हे सगळं नंतर. पहिल्याच पहाटे साडेचारला मला जाग आली तर नाना स्वेटर-मफलर घालून दारात उभे. बाहेर मिट्ट अंधार. आम्ही डेपोच्या बाहेर फुटपाथवर जाऊन थांबलो. मालव्हर्न डेपो १९१० चा आहे, त्या वर्षी तिथल्या ट्रामवे ट्रस्टची सर्व्हिस सुरू झाली, जुनी विटांची शेड आणि तिच्या तोंडाशी एका रुळाचे दोन, दोनाचे चार असं करत पसरत गेलेला पंखा. आत दिवे लागलेले, कुणीतरी गाडीच्या पुढच्या काचेवर पाणी मारत होतं, एका गाडीचा पँटो, म्हणजे तारेतून वीज घेणारा छपरावरचा सांगाडा, वर गेला, तारेला टेकताना बारीक ठिणगी उडाली, आणि नाना अगदी हळू आवाजात म्हणाले, लागला.

त्यानंतर महिनाभर हा नेम झाला. मी रोज जात नव्हतो, ते जायचे. खिशात एक छोटी वही, तिच्यात गाडीचा नंबर, निघाल्याची वेळ आणि शेरा. शेरा म्हणजे ऐकून. एकदा एक ट्राम बाहेर पडली तर टक टक टक टक असा एका लयीत आवाज येत होता, मला तो रुळाच्या सांध्याचा वाटला, नाना म्हणाले नाही, सांधा असता तर प्रत्येक गाडीले वाजला असता, हिचं चाक सपाट झालंय, कुणीतरी जोरात ब्रेक मारला असेल, चाक फिरायचं थांबलं आणि रुळावर घासत गेलं. याला फ्लॅट म्हणतात. चाकाचा तेवढा तुकडा घासून चपटा होतो आणि मग प्रत्येक फेऱ्याला आपटतो, गाडीलाही त्रास आणि रुळालाही, आणि उपाय एकच, शेडमध्ये नेऊन लेथवर चाक पुन्हा गोल करायचं, चारी बाजूंनी सारखं, म्हणजे चाकाचं आयुष्य तेवढं कमी झालं. शरद ऋतूत तिथं रस्त्यावर पानं पडतात, ती चाकाखाली चिरडून रुळावर गुळगुळीत थर बसतो, त्यात दंव पडलं की चाक घसरतं. म्हणून ट्रामच्या पोटात वाळूचा डबा असतो, घसरायला लागली की चाकापुढं वाळू पडते. आपल्या इंजिनालाही असतोच, घाटात मालगाडी ओढताना काय कामाला येतो ते कसाऱ्याच्या लोकांना विचारा. आणि तो डबा रोज शेडमध्ये भरावा लागतो, कोरड्या वाळूने, ओली चालत नाही, गोळा होऊन नळी तुंबते. नाना सांगत होते की त्यांच्या खलाशीपणाच्या दिवसांत हे वाळू भरायचं काम त्यांच्याकडं होतं, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

गाड्या रात्री लावायच्या कशा, हे पण एक शास्त्रच आहे. शेडमधल्या लाईनी एका बाजूने बंद असतील तर जी ट्राम आधी आत गेली ती सगळ्यात शेवटी बाहेर पडणार, तिच्यापुढं चार उभ्या आहेत ना. म्हणजे पहाटे पहिली कुठली गाडी सोडायची हे आदल्या रात्रीच ठरवून त्याच क्रमाने लावायला लागतं. त्यात एखादीचं इन्स्पेक्शन आलेलं, एखादीचा दरवाजा अडकतोय, ती गाडी मधेच अडकून बसली तर मागच्या सगळ्या अडकल्या. रात्रभर शेडमास्तरच्या डोक्यात हा खेळ चालू असतो आणि सकाळी स्टॉपवर उभ्या असलेल्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही, त्याला फक्त ५ वाजून १२ मिनिटांची ट्राम ५ वाजून १२ मिनिटांनी आली एवढंच दिसतं.

आता गाड्यांबद्दल सांगतो, कारण नानांच्या वहीची निम्मी पानं त्यातच गेली. मेलबर्नमध्ये ट्रामच्या जातींना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत. सगळ्यात जुनी डब्लू क्लास, १९२३ ते १९५६ या काळात अशा साडेसातशेच्या वर गाड्या बांधल्या गेल्या, त्यातल्या थोड्या दुरुस्त करून अजून शहराच्या मध्यभागी सिटी सर्कल म्हणून ३५ नंबरच्या रूटवर फुकट फिरतात. हिरवा-पिवळसर रंग, लाकडी बाकं, एअर ब्रेक. मग १९७५ पासून झी, १९८४ पासून ए आणि बी. या सगळ्यांत चढायला पायऱ्या. त्यानंतर २००१-०२ मध्ये फ्रान्सहून सी क्लास आल्या आणि पाठोपाठ जर्मनीहून डी क्लास, म्हणजे कॉम्बिनो, यांची जमीन खाली, फुटपाथवरून सरळ पाय टाकायचा. आणि २०१३ पासून ई क्लास, मेलबर्नजवळ डँडेनॉंगला बांधलेल्या, ३३ मीटर लांब, २१० माणसं घेणाऱ्या, अशा १०० आहेत.

खालच्या जमिनीच्या गाड्यांनी प्रवाशांचं फार भलं केलं, ताईच्या शेजारच्या व्हीलचेअरवाल्या आजी एकट्या बाजारात जाऊन येतात ते आम्ही डोळ्यांनी बघितलं. पण शेडवाल्याचं काम त्याने उलटं करून टाकलं. इंजिन म्हटलं की फिटर पीटमध्ये, म्हणजे रुळांच्या मधल्या खड्ड्यात, उतरतो आणि मान वर करून काम करतो, नानांची मान त्यामुळंच गेलीय. लो फ्लोअर ट्रामच्या खाली जागाच नाही, म्हणून इन्व्हर्टर, ब्रेकचे रेझिस्टन्स, एसी, जवळपास सगळं सामान छपरावर. म्हणजे शेडमध्ये छपराच्या उंचीला चालायचा प्लॅटफॉर्म पाहिजे, कमरेला पट्टा पाहिजे, वरची तार बंद करून अर्थ केलेली पाहिजे, सामान उचलायला क्रेन पाहिजे. १९१० मध्ये बांधलेल्या शेडमध्ये हे कुठून येणार? नवीन गाडी घ्यायची म्हणजे नवीन शेड पण घ्यायची, हे नानांनी मला तिथं तीनदा सांगितलं आणि घरी आल्यावर अजून सांगतात. ई क्लासचंच बघा, ३३ मीटरची गाडी जुन्या डेपोत बसवायची कशी, म्हणून प्रेस्टनला १९२० च्या दशकातलं जे मोठं वर्कशॉप होतं, जिथं डब्लू क्लास बांधल्या जायच्या, तिथं नवा डेपो केला आणि तो २०१६ ला सुरू झाला. जुनं वर्कशॉप पाडलं नाही. नानांना आत जायला मिळालं नाही, बाहेरून कुंपणातून बघितलं, पण वर्कशॉप आणि डेपो एकाच आवारात आहेत एवढ्यावरच ते समाधानी होते, भुसावळला शेड आणि पीओएच, म्हणजे ठरावीक काळाने इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करायचं वर्कशॉप, दोन्ही आहेत ना, तसंच हे.

वळणावर ट्राम किंचाळते ते ऐकलंय का? सी आणि डी क्लासच्या बोग्या, म्हणजे डबे नव्हे, खालचे चाकांचे सांगाडे, गाडीच्या अंगाला घट्ट बसवलेल्या, स्वतः वळत नाहीत, म्हणून वळणावर सगळी गाडीच त्या भागापुरती वळते, चाकाची कड रुळावर घासते. ई क्लासच्या बोग्या फिरतात. नानांनी डोळे मिटून कोपऱ्यावर उभं राहून दोन्हींतला फरक ओळखून दाखवला, भाच्याने त्यांची परीक्षाच घेतली, नऊपैकी आठ बरोबर. कॉम्बिनोच्या बाबतीत तर २००४ मध्ये जगभरात भानगड झाली होती, अॅल्युमिनियमच्या बॉडीच्या जोडांना अपेक्षेच्या खूप आधी तडे जायला लागले आणि कंपनीला अनेक देशांतल्या गाड्या मजबूत करून द्याव्या लागल्या. हे मी वाचून सांगितलं तेव्हा नाना बराच वेळ विचार करत बसले आणि म्हणाले, तडा पहिल्यांदा दिसला असेल तो शेडमधल्याच कुणाले तरी, बॅटरी मारून बघताना.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडलं ते कुयाँग. मालव्हर्नवरून १६ नंबरची ट्राम ग्लेनफेरी रोडने जाते आणि कुयाँग स्टेशनजवळ रेल्वेचे रूळ ओलांडते. पूल नाही, बोगदा नाही, रस्ता, ट्राम आणि लोकल ट्रेन तिघं एकाच जमिनीवर. आणि ट्रामच्या तारेत ६०० व्होल्ट, ट्रेनच्या तारेत १५०० व्होल्ट! मग वर तारांचा एक चौकोन केलाय, त्याला ट्राम स्क्वेअर म्हणतात, ट्रेन येणार असली की त्या चौकोनात १५०० सोडायचे, ती गेली की पुन्हा ट्रामचे ६००, आणि ट्रेनने तिथून सावकाश जायचं. आम्ही गेलो तेव्हा अशा दोनच जागा उरल्या होत्या, ग्लेन हंटलीची २०२३ ला काढून टाकली होती. खान्देशातल्या जुन्या रेल्वेवाल्याला हे बघून इगतपुरी आठवणारच. आमच्या लहानपणी मुंबईला जाताना इगतपुरीला गाडी बराच वेळ थांबायची, कारण तिथं आपलं २५ हजार व्होल्टचं एसी संपायचं आणि मुंबईकडचं १५०० व्होल्टचं डीसी सुरू व्हायचं, इंजिन बदलायचं, आणि आम्ही वडापाव खायचो. नाना कुयाँगला तासभर उभे होते. सात ट्रेन बघितल्या. इगतपुरी चौकात आणून ठेवली यांनी, असं म्हणाले.

एका रविवारी ९६ नंबरने सेंट किल्डाच्या समुद्रावर गेलो. हा रूट शेवटी शेवटी रस्ता सोडून स्वतःच्या वेगळ्या वाटेने जातो, खरीखुरी लाईट रेल, आणि ती वाट म्हणजे १८५७ ची जुनी रेल्वे लाईन आहे. तिथली ब्रॉडगेज १६०० मिलिमीटरची (आपली १६७६), १९८७ मध्ये ती ट्रेन बंद केली, रूळ १४३५ वर आणले आणि त्याच वर्षाच्या आत ट्राम सुरू केली. पोर्ट मेलबर्नच्या लाईनचं पण तेच, ती तर १८५४ ची, ऑस्ट्रेलियातली पहिली आगगाडी तिच्यावर धावली होती. स्टेशनच्या जुन्या इमारती आहेत तशा आहेत. मला पीजे आठवली. पाचोरा-जामनेर, अडीच फुटी नॅरोगेज, ५६ किलोमीटर, आत्याकडं जामनेरला जाताना आम्ही तीच धरायचो, शेंदुर्णीला उतरून पाणी प्यायचो. २०२० ला कोरोनात बंद झाली ती झाली, तिथं आता ब्रॉडगेजचं काम आहे. ब्रॉडगेज येऊ दे, चांगलंच आहे, फक्त मधल्या वर्षांत त्या गावच्या माणसांची सवय तुटली ते मला टोचतं. सेंट किल्डाला गाडी बदलली, सवय नाही तुटू दिली.

हॉथॉर्नचं ट्राम म्युझियम महिन्यातून दोनच शनिवारी उघडं असतं, तो दिवस ताईने आधीच धरून ठेवला होता. १९१६ चा डेपो, १९६५ ला बंद झाला, बाकी जागेत आता घरं झालीत आणि एका शेडमध्ये म्युझियम. चालवणारे सगळे स्वयंसेवक, बरेच वयस्कर. नाना डब्लू क्लासच्या ड्रायव्हरच्या जागी उभे राहिले, पितळी हँडलवर हात ठेवला आणि एक एक नॉच, म्हणजे वेग वाढवायची पायरी, मोजत फिरवलं. आमच्या डब्लूएएम-४ ला ३२ नॉच, मी ते एका स्वयंसेवक काकांना इंग्रजीत सांगितलं, ते थर्टी टू असं म्हणून हसले आणि नानांना खाली बोगी बघायला घेऊन गेले. भाषेची अडचण होती, मी मधे दुभाष्या. त्यांनी ब्रेकचा ब्लॉक दाखवला, नानांनी बोटांनी अंतर दाखवून विचारलं एवढा झिजला की बदलता का, काकांनी बोटं अजून जवळ आणली, एवढा. नानांनी मान हलवली, आम्ही त्याच्या आधीच बदलायचो. हे मात्र मी भाषांतर केलं नाही.

परत आल्यावर त्याच सप्टेंबरात बातमी आली की कोलकात्याची ट्राम बंद करून फक्त मैदान ते एस्प्लनेडचा एक तुकडा हेरिटेज म्हणून ठेवायचं तिथल्या सरकारने जाहीर केलं. १८७३ ला घोड्यांवर सुरू झालेली, १९०२ पासून विजेवर. नाना नोकरीत असताना चित्तरंजनच्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात ट्रेनिंगला गेले होते, तेव्हा दोन दिवस कोलकात्याला राहिले होते, त्यांना नोनापुकुरचं वर्कशॉप बाहेरून दाखवलं होतं कुणीतरी, आणि ट्रामच्या डोक्यावरचा तो लांब दांडा, ट्रॉली पोल, दोरीने ओढून हलवायचे ते नाना अजून हाताने करून दाखवतात. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला गेली, ती त्यांनी पाहिलीच नाही. कोलकात्याची पाहिली होती. पेपर वाचून झाल्यावर ते म्हणाले, रूळ उखडायच्या लय आधी सुरू होतं हे. आधी डेपोची जमीन नजरेत भरते, मोक्याची असते, गावाच्या मधोमध. मग डेपो लहान होतो. मग दुरुस्तीले जागा नाही म्हणून गाड्या उभ्या राहता. मग गाड्या नाही म्हणून रूट बंद होतो, आणि शेवटी म्हणता लोकं बसत नाही. मी या विषयावर खूप वाचलंय, तज्ज्ञांचं पण वाचलंय, पण इतकं सरळ कुणी सांगितलेलं मला आठवत नाही.

मेलबर्नमध्ये आता जी क्लास येतायत, १०० गाड्यांची ऑर्डर २०२२ लाच दिली, ई पेक्षा छोट्या, २५ मीटरच्या, जुन्या पायऱ्यावाल्या झी आणि ए च्या जागी. त्यांच्यासाठी शहराच्या पश्चिमेला मेडस्टोनला वेगळा डेपो बांधला, तिथून ५७, ५९ आणि ८२ नंबरचे रूट चालवायचे. नानांनी ताईला सांगून ठेवलंय की तिकडं गेलीस तर गाडीचे फोटो नको पाठवू, ते नेटवर मिळता, शेडच्या तोंडाशी रूळ कसे फुटलेत तेवढा एक फोटो काढ, आणि जमलं तर आत वरचा प्लॅटफॉर्म किती उंच आहे ते बघ. तिने मागच्या आठवड्यात पाठवला. लांबून काढलाय, अर्धा कुंपणाच्या जाळीतून, तरी सहा लाईनी मोजता येतात. नानांनी त्याची प्रिंट काढून आणायला सांगितलीय, वहीत लावायला, उद्या स्टेशन रोडला जातो.